काचपेटीतला रोगी : गोल्डफिशच्या आजारांचे निदान व उपचार

माणसाला दुखले की तो बोलून दाखवितो. गाय-बैल चारा सोडतात, हंबरतात, धन्याकडे बघतात. मासा मात्र आजारी पडला तरी त्याचे गाऱ्हाणे कुणाच्या कानी पडत नाही. तो पाण्यात असतो, आपण बाहेर, आणि मध्ये काच. त्यामुळे माशाचा आजार बहुधा आपल्याला कळतो तो मासा उलटा होऊन वर तरंगू लागला म्हणजेच.

मी कला शाखेच्या द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी. प्राणिशास्त्र हा माझा विषय नव्हे, तेव्हा या लेखात अधिकारवाणीने बोलण्याचा माझा हक्क नाही. परंतु बारामतीतील ज्या दवाखान्यात मी संध्याकाळी केसपेपर लिहिते, तेथे रोग्यांच्या बाकासमोर एक काचपेटी आहे, आणि तिची देखभालही हळूहळू माझ्याकडेच आली. गेल्या फाल्गुनात त्या पेटीतील तीन माशांपैकी दोन माझ्या हाताने मेले. ते का मेले याचा शोध घेताना जे वाचले, पाहिले आणि जाणत्यांना विचारले, ते येथे क्रमाने मांडीत आहे. हौसेने मासे पाळणारी घरे आता बारामती-इंदापुरातही पुष्कळ झाली आहेत. त्यांतील कुणाचा एखादा मासा यामुळे वाचला तर लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.

मासा आणि त्याचे कूळ

गोल्डफिश हा दिसायला कितीही परका वाटला तरी कुळाने आपल्या ओळखीचा आहे. तो कार्प कुळातला. म्हणजे रोहू, कटला, मृगळ यांचा भाऊबंद. सुमारे हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये साध्या करड्या माशांत अधूनमधून निपजणारे सोनेरी-तांबूस मासे लोकांनी वेगळे राखले, त्यांचीच पैदास केली, आणि पिढ्यानुपिढ्या निवड करीत आजच्या शोभिवंत जाती घडविल्या. तेथून तो जपानात आणि सतराव्या शतकात युरोपात गेला. ओरांडाच्या डोक्यावर मांसल टोप असतो, रंचूला पाठीचा पर नसतो, ब्लॅक मूरचे डोळे बाहेर आलेले असतात, तर फँटेलची शेपटी दुहेरी पंख्यासारखी पसरते.

या शोभेची किंमत मात्र माशाला मोजावी लागते. शरीर आखूड व वाटोळे केल्यामुळे आतील अवयव दाटीने बसतात. पोहताना तोल सांभाळणारी हवेची पिशवी, म्हणजे वाताशय, याच दाटीत सापडते. शिवाय कार्प कुळातील माशांना आपल्यासारखे जठर नसते. अन्न सरळ आतड्यात जाते. म्हणून गोल्डफिशला थोडे थोडे खाणे मानवते, एकदम भरपूर घातलेले मानवत नाही. आणि तिसरी गोष्ट अशी, की हा थंड पाण्याचा मासा आहे. १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमानात तो सुखी असतो. आपल्याकडील वैशाखात बंद खोलीतील पेटीचे पाणी सहज ३० अंशांच्या वर जाते, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

माझ्या हातून घडलेली चूक

आमच्या पेटीतील केशरी फँटेलच्या कल्ल्यांच्या झाकणावर एके दिवशी मला मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. पांढऱ्या ठिपक्यांचा एक संसर्गजन्य रोग असतो, एवढे मला कुठेतरी वाचून ठाऊक होते. मी लगोलग बाजारातून निळे औषध आणले. पेटीत पाणी किती हे न मोजता अंदाजाने थेंब टाकले. दुसऱ्या दिवशी ठिपके तसेच दिसले, म्हणून पुन्हा टाकले. ‘जंतू राहायला नकोत’ अशा भावनेने गाळणीतील स्पंजही नळाखाली स्वच्छ चोळून धुतला. चौथ्या दिवशी तिन्ही मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड काढून धापा टाकू लागले. पाचव्या दिवशी फँटेल मेला, सहाव्या दिवशी ओरांडा. काळा मूर तेवढा राहिला.

रविवारी गावी गेले तेव्हा मोबाईलमधील फँटेलचे छायाचित्र मी आईला दाखविले. माझे वडील उजनीच्या पाण्यात जाळे टाकतात आणि आई इंदापूरच्या बाजारात मासळी विकते. ती शाळेत गेलेली नाही. तिने छायाचित्र डोळ्यांजवळ नेले, लांब धरले आणि म्हणाली, “ह्यो नर हाय. रोहूचा नर मोसमात येतो तवा त्याचा पर हाताला खरबरीत लागतो, तसंच हाय हे. आन् बघ की, दाणं निस्तं कल्ल्यावर आन् पुढच्या परावर. रोग असा जागा निवडून बसतो व्हय?”

पुढे पुस्तकात पाहिले तेव्हा आईचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. विणीच्या हंगामात गोल्डफिशच्या नराच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढल्या काट्यावर पांढरे, ओळीने बसलेले बारीक उंचवटे येतात. ते आरोग्याचे लक्षण आहे. खऱ्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात ठिपके अंगभर, शेपटीवर, परांवर कसेही विखुरलेले असतात, आणि मासा अंग घाशीत फिरतो. माझा फँटेल अंग घाशीत नव्हता. तो भुकेला होता, खेळत होता. मी एका निरोगी माशाला औषध पाजले होते.

पण औषध चुकीचे असले म्हणून मासे का मरावेत? याचे उत्तर पाण्यात होते.

पाणी हीच पहिली नाडी

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. हा माशाला विषारी आहे. परंतु मुरलेल्या पेटीत, विशेषतः गाळणीच्या स्पंजावर, उपयुक्त जिवाणूंची वस्ती असते. त्यांतील काही अमोनियाचे नायट्राइट करतात, आणि काही त्या नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. नव्या पेटीत ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पेटी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी मासे सोडणाऱ्यांचे मासे पंधरवड्यात मरतात, त्याचे कारण बहुधा हेच होय.

मी जे निळे औषध टाकले, ते मेथिलीन ब्ल्यू. ते बुरशीवर चालते, तसेच या उपयुक्त जिवाणूंनाही मारक ठरते. उरलीसुरली वस्ती मी क्लोरीनच्या नळाखाली स्पंज चोळून धुवून टाकली. नंतर थेंब टाकून पाणी तपासले तेव्हा अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅमच्या रंगापर्यंत चढलेला दिसला. तो शून्य असायला हवा. मासे रोगाने मेले नव्हते, माझ्या उपचाराने मेले होते.

डॉक्टरसाहेबांना सारे सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “अगं, ताप आलेला रोगी आला तर आपण आधी थर्मामीटर लावतो. तू आधी सुई टोचलीस.” तेव्हापासून मी एक नियम घालून घेतला आहे : माशाला औषध देण्याआधी पाण्याची तपासणी. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत, सामू साधारण ७ ते ८ आणि तापमान, एवढे पाहावे. तपासणीच्या थेंबांची पेटी मत्स्यालयाच्या दुकानात मिळते. अमोनिया किंवा नायट्राइट आढळले, तर पहिला उपचार म्हणजे पाण्याचा पाव ते निम्मा भाग बदलणे, एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवणे आणि हवेचा पंप जोरात चालविणे. पुष्कळ ‘आजार’ एवढ्यानेच बरे होतात.

आपला भाग, आपले पाणी

येथे आपल्या भागाचा एक विशेष सांगितला पाहिजे. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाला आणि या पट्ट्यात ऊस आला. पण त्याबरोबर पाझर वाढला, क्षार वर आले. १९१० साली हॅरल्ड मॅन आणि ताम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील क्षारपड जमिनींवर अभ्यास प्रसिद्ध केला, इतका हा प्रश्न जुना आहे. कालव्याखालच्या अनेक विहिरी-बोअरचे पाणी आजही जड लागते, आणि जड पाण्याचा सामू बहुधा ७ च्या वर असतो.

याचा माशांशी संबंध असा : २५ अंश तापमानाच्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी सुमारे दोनशेवा भागच विषारी रूपात असतो, सामू ८ झाला की तोच भाग सुमारे विसावा होतो. म्हणजे तोच अमोनिया आपल्या पाण्यात दसपट घातक. शिवाय २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. उन्हाळ्यात वीज गेली, पंप थांबला, की मासे वर येऊन धापा टाकतात, ते यामुळे. अशा वेळी तांब्याने पाणी वरून ओतीत राहिले तरी मासे तगतात.

पाणी आटले म्हणून पेटीत नुसती बोअरच्या पाण्याची भर घालणे हीही चूक आहे. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतो. पुन्हा भर, पुन्हा क्षार. शेत क्षारपड होते त्याच रीतीने पेटीही होते. म्हणून दर आठवड्याला चौथा हिस्सा जुने पाणी काढून टाकून तेवढे नवे घालावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालविण्यासाठी पाणी उघड्या बादलीत दिवसभर मुरू द्यावे किंवा हायपोचे खडे वापरावेत. पूर्वी छायाचित्रे धुण्यासाठी वापरीत तोच हा हायपो. स्पंज धुवायचा तर पेटीतूनच काढलेल्या जुन्या पाण्यात हलकेच पिळावा.

माळेगाव खुर्द येथे २००९ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेच्या नावात ‘अजैविक ताण’ असे शब्द आहेत. उष्णता, दुष्काळ, क्षार यांचा सजीवांवर पडणारा ताण, असा त्याचा अर्थ. मला वाटते, माशाच्या आजाराची गुरुकिल्ली याच शब्दांत आहे. जंतू पाण्यात नेहमीच असतात. ताण पडलेला मासा त्यांना बळी पडतो.

बघण्याचा क्रम

पाणी तपासून झाले की मासा बघावा, तोही क्रमाने. आधी दुरून : तो इतरांबरोबर आहे की कोपऱ्यात? वर धापा टाकतो की तळाशी पर मिटून बसतो? खडे-काचेला अंग घाशीत आहे का? मग जवळून : खवले सपाट आहेत की उभारलेले? परांच्या कडा शाबूत आहेत का? विष्ठा कशी आहे? शेवटी कल्ले.

कल्ल्यांचे महत्त्व मी बाजारात शिकले. मासळी ताजी की शिळी हे पाहायला गिऱ्हाईक अंगठ्याने कल्ला उचलते. लाल असेल तर घेते, फिका असेल तर टाकून पुढे जाते. जिवंत माशाच्या बाबतीत झाकण हलते तेव्हा आतील रंग काचेतूनच टिपावा; अगदीच गरज पडली तर ओल्या हाताने, पाण्यातच धरून पाहावे. निरोगी कल्ले लाल असतात. तपकिरी पडले तर नायट्राइटची शंका घ्यावी, कारण नायट्राइटमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती जाते. सुजलेले, चिकट झालेले कल्ले अमोनियाने किंवा परजीवींनी होतात. फार फिके, डागाळलेले कल्ले आणि भराभर मरणारे मासे असे चित्र असेल, तर गोल्डफिशचा नागीण-कुळातील एक विषाणू असू शकतो. त्यावर औषध नाही, ती पेटी इतरांपासून अलग ठेवणे एवढेच हाती राहते.

काही प्रमुख आजार

पांढरे ठिपके : हा एकपेशीय परजीवी माशाच्या कातडीखाली वाढतो, मग गळून तळाशी जातो, तेथे त्याची शेकडो पिल्ले होतात, आणि ती नवा मासा शोधीत पोहतात. औषध लागू पडते ते या पोहणाऱ्या पिल्लांवरच, कातडीखालच्यावर नाही. म्हणून दोन दिवसांत ठिपके गेले नाहीत म्हणून औषध दुप्पट करणे व्यर्थ आहे, आणि ठिपके गेले म्हणून लगेच थांबणेही धोक्याचे. शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवावा.

कल्ल्यांवरील व कातडीवरील चपटे कृमी : हे डोळ्यांना दिसत नाहीत. मासा अंग घाशीतो, पर मिटतो, ठिपके मात्र नसतात. कातडीवरील चिकट द्रवाचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय खात्री होत नाही. आपल्या महाविद्यालयात शास्त्र शाखा असेल तर त्या प्रयोगशाळेची परवानगी जरूर मागावी.

माशांची ऊ आणि नांगरकृमी : हे मात्र दिसतात. ऊ म्हणजे चपटी, वाटाण्याच्या सालीच्या तुकड्यासारखी, सरकणारी. तळ्यातील रोहू-कटल्यांनाही तीच त्रास देते. नांगरकृमी दोऱ्यासारखा लोंबतो, डोके मांसात रुतलेले असते. चिमट्याने मुळापाशी धरून तो काढता येतो, पण पेटीतील अंडी-पिल्लांसाठी पाण्यात औषध लागतेच.

पर कुजणे : कडा फाटक्या, पांढुरक्या वा लालसर. हे जिवाणूंचे काम, पण त्यांना वाव देते घाण पाणी. सुरुवातीला रोजचे पाणी बदलणे आणि मीठ एवढे पुरते.

जलोदर : पोट फुगते आणि वरून पाहिले तर खवले अननसासारखे उभे दिसतात. हा स्वतंत्र रोग नसून मूत्रपिंड निकामी होत असल्याचे लक्षण आहे. या अवस्थेतून क्वचितच मासा वाचतो, हे खरे ते सांगितलेले बरे.

तोल जाणे : मासा उलटा तरंगतो किंवा तळाशी पडतो. वाटोळ्या जातींत हे फार. पाणी ठीक असेल तर दोन दिवस उपास, मग थोडे, मऊ, बुडणारे खाद्य द्यावे. शरीराच्या घडणीमुळेच तोल गेला असेल तर तो परत येत नाही. असा मासा उथळ पाण्यात मात्र कित्येक दिवस आनंदाने जगतो.

औषधाचा हिशेब

अंदाज हा मोठा शत्रू आहे. पेटीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजावी, तिन्हींचा गुणाकार करून हजाराने भागावे, लिटर मिळतात. ६० × ३० × ३० म्हणजे ५४ लिटर. सर्वांत साधे आणि निर्धोक औषध म्हणजे मीठ. लिटरला १ ते ३ ग्रॅम हे प्रमाण. ५४ लिटरला ३ ग्रॅमप्रमाणे १६२ ग्रॅम होते. ते एकदम न टाकता बारा-बारा तासांनी तीन हप्त्यांत, विरघळवून घालावे. नायट्राइटच्या बाधेत लिटरला १ ग्रॅम मीठही उपयोगी पडते, कारण मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. मीठ उडून जात नाही, म्हणून पाणी बदलाल तेवढ्यापुरतेच पुन्हा घालावे; आटलेल्या पाण्याच्या भरीला घालू नये.

शक्यतो आजारी मासा वेगळ्या टबात घेऊन उपचार करावा, म्हणजे पेटीतील जिवाणू वाचतात. एका वेळी एकच औषध द्यावे. माणसांच्या प्रतिजैविकांच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकण्याची खोड अनेकांना असते. ती घातक आहे. त्याने जिवाणू औषधाला सरावतात. अशा औषधांसाठी पशुवैद्यकालाच विचारावे. आणि नवा मासा आणला की तीन ते चार आठवडे तो निराळा ठेवावा.

एक विनंती

आजारी किंवा नकोसा झालेला मासा ‘जगेल तर जगू दे’ म्हणून कालव्यात अथवा उजनीत सोडू नये. दयाबुद्धीने केलेले हे काम इतरांच्या जिवावर बेतते. त्याच्याबरोबर त्याचा रोगही पाण्यात जातो, आणि रोहू-कटला त्याच कुळातले आहेत. तो जगला तरी अपाय आहेच. ऑस्ट्रेलियातील व्हास नदीत असेच सोडलेले गोल्डफिश जवळजवळ दोन किलोंपर्यंत वाढले. परक्या चिलापीने उजनीत कसे बस्तान बसविले, हे आमच्या घरच्या जाळ्याला रोज दिसते.

समारोप

आता पेटीत काळा मूर आहे आणि चार आठवडे निराळा ठेवून मग सोडलेला एक नवा फँटेल. पेटीच्या बाजूला मी एक वही टांगली आहे. तारीख, तापमान, अमोनिया, नायट्राइट, सामू, आणि शेवटच्या रकान्यात ‘मासा कसा दिसला’ असे तीत रोज लिहिते. तपासायला आलेले रोगी कधीकधी ती चाळतात आणि हसतात, माशाचाही केसपेपर!

घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. येथे आले तेव्हा वाटत असे, की ज्ञान पुस्तकात असते आणि ते आम्हाला घरी न्यायचे असते. त्या फँटेलने मला निराळे शिकविले. अमोनियाचे गणित पुस्तकात मिळाले हे खरे. पण नर ओळखण्याची नजर माझ्या घरीच होती, आणि औषध आणण्याआधी ती विचारावी हे मला सुचले नाही. पुढल्या सुट्टीत आई बारामतीला येणार आहे. पेटीतील नवा फँटेल नर की मादी हे मी अजून वहीत लिहिलेले नाही. तो रकाना तिच्यासाठी मोकळा ठेवला आहे.